एकच जात की दोन? बिघाडाच्या नोंदींमधलं मिश्र वितरण तपासायचं कसं

बारा नग चाचणीला लावले आणि प्रत्येक नग किती तासांनी बंद पडला ते टिपलं, असं धरू. नोंदी अशा आल्या: ८, १५, २१, ३४, ५०, ६२, ४१०, ५६०, ६९०, ८४०, ११००, १४१०. (आकडे समजावण्यापुरते मी बनवलेत, पण पुढची सगळी आकडेमोड त्यांच्यावरच केली आहे. कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघा.)

६२ आणि ४१० यांच्यामधली पोकळी कुणाच्याही डोळ्यात भरेल. निम्मे नग तीन दिवसांच्या आत गेले, उरलेले आरामात शेकडो तास चालले. आता प्रश्न असा: या नगांमध्ये खरोखरच कच्चे आणि पक्के अशा दोन जाती मिसळल्या आहेत, की सगळे एकाच जातीचे असून ही पोकळी निव्वळ योगायोगाने पडली? डोळ्यांवर विश्वास ठेवून उत्तर देता येत नाही आणि नेहमीची पुस्तकी चाचणी इथे जशीच्या तशी लावली तर तीही फसवते. या विषयात पहिल्यांदा उतरणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं, ते खाली लिहितो.

पायरी १: मिश्र वितरण म्हणजे नेमकं काय, हे ठरवून घ्या

मिश्र वितरणात प्रत्येक नग जन्मापासूनच एका कुठल्यातरी जातीचा असतो. काही हिस्सा कच्चा, बाकीचा पक्का. एखादा नग अमुक तासांपर्यंत टिकण्याची शक्यता काढायची तर कच्च्या जातीची टिकण्याची शक्यता गुणिले कच्च्यांचा हिस्सा, अधिक पक्क्या जातीची टिकण्याची शक्यता गुणिले पक्क्यांचा हिस्सा. म्हणजे इथे बेरीज आहे.

याच्याशी हमखास गल्लत होते ती स्पर्धक बिघाडांची. तिथे प्रत्येक नगाला दोन्ही धोके असतात, उदाहरणार्थ बेअरिंग झिजणं आणि इन्सुलेशन जळणं, आणि जो आधी येईल तो नगाला संपवतो. तिथे टिकण्याच्या दोन शक्यतांचा गुणाकार होतो. कागदावर फरक एका चिन्हाचा, पण उपाय पूर्ण वेगळे. मिश्रण असेल तर वाईट माल वेगळा काढता येतो. स्पर्धक बिघाड असतील तर वेगळं काढण्यासारखं काही नसतंच, रचनाच सुधारावी लागते. बंद पडलेला नग उघडून बघितल्याशिवाय यातलं काय खरं हे संख्याशास्त्र एकट्याने सांगू शकत नाही. म्हणून माझा आग्रह असा की आकडेमोडीची चाचणी करण्याआधी निदान दोन-तीन लवकर गेलेले आणि दोन-तीन उशिरा गेलेले नग खोलून बघाच.

मिश्रणाने किती सहज फसगत होते याचं जुनं उदाहरण फ्रँक प्रोशान यांच्या १९६३ च्या शोधनिबंधात आहे. बोइंग ७२० विमानांच्या वातानुकूलन यंत्रणांच्या बिघाडांची त्यांनी छाननी केली. एकेका विमानाच्या नोंदी पाहिल्या तर बिघाड दर स्थिर धरायला हरकत नव्हती. सगळ्या विमानांच्या नोंदी एकत्र केल्या की मात्र बिघाड दर वेळेबरोबर घटतोय असं दिसायचं. यंत्रणा वापराने सुधारत नव्हती, प्रत्येक विमानाचा स्थिर दर वेगवेगळा होता, इतकंच. जास्त दराचे बिघाड आधी येऊन जातात, मागे कमी दराचे उरतात, आणि एकत्रित आकडा खाली येताना दिसतो. बिघाड दर स्थिर असलेल्या वितरणाला घातांकी (exponential) वितरण म्हणतात; अशा वितरणांचं कुठलंही मिश्रण असंच वागतं.

पायरी २: जात आधीच ठाऊक आहे का?

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर महिनाभर गणित करत बसतात. नगावर बॅच क्रमांक असेल, उत्पादनाची तारीख असेल, पुरवठादाराचं नाव असेल, तर आधी त्यानुसार नोंदी वेगळ्या करा. गट माहीत असतील तर प्रश्न साध्या तुलनेचा होतो. लॉग-रँक चाचणी (गटांच्या टिकण्याची तुलना करणारी) लावा किंवा प्रत्येक गटाला वेगळं वायबुल वितरण (ज्यात बिघाड दर वाढता, स्थिर किंवा घटता असू शकतो) बसवून लाइकलीहुड गुणोत्तर काढा. लाइकलीहुड म्हणजे हाती आलेल्या नोंदी त्या वितरणातून येणं कितपत शक्य, याचं माप. इथे काय-वर्गाचा (chi-square) तक्ता बिनधास्त वापरता येतो आणि चाचणीची ताकदही कितीतरी जास्त असते. एक पथ्य मात्र पाळा: गट नोंदी बघण्याआधी ठरलेले हवेत. "शंभर तासांच्या आत गेलेले" हा गट होऊ शकत नाही, कारण तो निकालावरूनच पाडलेला आहे.

जातीची खूण हाती नाही, अशा वेळीच पुढच्या पायऱ्या लागतात.

पायरी ३: नोंदी चाचणीलायक करा

प्रत्येक नगापुढे दोन गोष्टी हव्यात: किती तास चालला, आणि बंद पडला की चालू असतानाच निरीक्षण थांबवलं. चालू असताना सोडलेल्या नगांना सेन्सर्ड नोंद म्हणतात. त्या वगळायच्या नाहीत. वगळल्या तर पक्की जातच नोंदींतून गळते. आपल्या उदाहरणात चाचणी ५०० तासांना थांबवली असती तर सात बिघाड आणि पाच सेन्सर्ड नोंदी हाती राहिल्या असत्या. त्या पाच फेकल्या तर उरलेल्या सातांवरून सगळाच माल कच्चा ठरेल.

आणखी एक बारकावा. रोज सकाळी एकदाच तपासणी होत असेल तर तुमच्याकडे बिघाडाची वेळ नसून २४ तासांचं अंतर आहे. ते अंतर म्हणूनच लाइकलीहुडमध्ये घाला. सगळे नग २४, ४८, ७२ अशा ठरावीक आकड्यांवर साचले की दोन घटकांचं प्रतिमान (मॉडेल) त्या साचलेल्या ढिगालाच "जात" समजून बसतं.

पायरी ४: आलेख काढा, पण त्याच्यावर निकाल देऊ नका

वायबुल आलेखासाठी नोंदी चढत्या क्रमाने लावा आणि प्रत्येकीला क्रमस्थान द्या: क्रमांकातून ०.३ वजा करा आणि एकूण नगसंख्येत ०.४ मिळवून त्याने भागा. आपल्या बारा नगांत सहाव्याचं (६२ तास) स्थान ५.७ भागिले १२.४, म्हणजे सुमारे ४६ टक्के. सातव्याचं (४१० तास) सुमारे ५४ टक्के. वेळ साडेसहा पटीने वाढली आणि एकूण बिघाड जेमतेम आठ टक्क्यांनी पुढे सरकले. आलेखावर इथे जवळपास आडवा पट्टा दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना चढ. चढ, सपाटी आणि परत चढ हा आकार मिश्रणाचा इशारा समजतात. स्पर्धक बिघाडांत सपाटी येत नाही, रेषा पुढे जाता जाता अधिकाधिक उभी होत जाते.

इलेक्ट्रॉन ट्यूबच्या जमान्यात हे काम आलेखावरच चालायचं. मिश्र वायबुलची प्राचलं (वितरण ठरवणारे आकडे) आलेखावरून काढायची पद्धत जे. एच. के. काओ यांनी १९५९ मध्ये मांडली ती त्याच ट्यूबच्या चाचण्यांसाठी. आज संगणक असला तरी आलेख वगळू नका. बारा-पंधरा नगांच्या आलेखात अशा पोकळ्या आपोआपही पडतात, एवढंच भान ठेवा. खात्री करायची असेल तर एकाच वितरणातून संगणकाकडून दहा-बारा खोटे नमुने काढून घ्या आणि त्यांचेही आलेख शेजारी मांडा. तुमचा आलेख त्या गर्दीत लपून जात असेल तर उत्साह आवरता घ्या.

पायरी ५: एका जातीचं प्रतिमान बसवा

शून्य गृहीतक असं: जात एकच. पण एकच म्हणजे कुठली? इथेच खरी मेख आहे, तिच्याकडे आठव्या पायरीत परत येतो. तूर्त सगळ्यात साधं, म्हणजे घातांकी वितरण घेऊ. त्याचं एकच प्राचल, सरासरी आयुर्मान. ५२०० भागिले १२, म्हणजे ४३३.३ तास. लॉग-लाइकलीहुड येते उणे ८४.८६.

इथे एक झटपट चाचणी करून बघण्यासारखी आहे. नोंदींच्या वर्गांची सरासरी काढा आणि तिला सरासरीच्या वर्गाने भागा. घातांकी वितरणात हे गुणोत्तर मोठ्या नमुन्यात २ कडे जातं आणि घातांकींच्या मिश्रणात २ च्या वर. आपल्या नोंदींत ते २.१६ आहे. बारा नोंदींसाठी, जात एकच असेल तर, या गुणोत्तराची अपेक्षित किंमत सुमारे १.८५ आणि प्रमाण विचलन (standard deviation) सुमारे ०.४२ असतं. म्हणजे २.१६ हा आकडा एका प्रमाण विचलनाच्या आतच आहे. ही चाचणी म्हणते: काही विशेष नाही.

डोळ्यांना ढळढळीत दिसणारी पोकळी या चाचणीला का दिसली नाही? कारण ती वर्गांवर चालते आणि वर्ग घेतले की सगळं वजन १४१० आणि ११०० यांच्याकडे जातं. लवकर गेलेल्या सहाही नगांच्या वर्गांची बेरीज आठ हजारांच्या आसपास, आणि एकूण बेरीज अठ्ठेचाळीस लाखांच्या वर. कच्ची जात त्या हिशोबात जवळजवळ नाहीच. फक्त शेपटीकडे बघणाऱ्या चाचणीला मधली पोकळी दिसत नाही. चाचणी निवडताना ती नोंदींच्या कुठल्या भागाकडे बघते, हे आधी विचारा.

पायरी ६: दोन जातींचं प्रतिमान बसवा

यासाठी ईएम (expectation-maximization) पद्धत वापरतात. डेम्पस्टर, लेर्ड आणि रुबिन यांनी १९७७ मध्ये तिला सर्वसाधारण रूप दिलं. कल्पना सोपी आहे. प्रत्येक नगाची जात माहीत नाही, म्हणून आधी अंदाजी प्राचलं धरून तो कच्चा असण्याची शक्यता काढायची. मग त्या शक्यता वजन म्हणून वापरून दोन्ही जातींची सरासरी आणि हिस्सा नव्याने काढायचा. परत शक्यता, परत सरासरी, आकडे हलायचे थांबेपर्यंत. प्रत्येक फेरीत लॉग-लाइकलीहुड वाढते किंवा तेवढीच राहते. ती कमी झाली तर तुमच्या कोडमध्ये चूक आहे.

आपल्या नोंदींवर, अर्धा-अर्धा हिस्सा धरून सुरुवात केली तर थोड्याच फेऱ्यांत आकडे स्थिरावतात: कच्च्यांचा हिस्सा साधारण ०.४३, त्यांचं सरासरी आयुर्मान ३० तास, पक्क्यांचं सुमारे ७३३ तास. लॉग-लाइकलीहुड उणे ८०.६२. ८ तासांना गेलेला नग कच्चा असण्याची शक्यता ९३ टक्के निघते. ६२ तासांवाल्याची मात्र ७१ टक्केच, कारण पक्क्या जातीतलाही एखादा नग इतक्या लवकर जाऊ शकतो. म्हणूनच हिस्सा ०.५ न येता ०.४३ आला: डोळ्यांनी कच्चे सहा मोजले, पण गणिताच्या मते त्यांतला एखादा पक्क्यांपैकीच असावा. ४१० तासांच्या नगाबद्दल मात्र काही शंका उरत नाही.

दोन धोके इथे सांगून ठेवतो. पहिला, ईएम पद्धत सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असते आणि चुकीच्या टेकडीवर चढून बसू शकते. निदान वीस वेगवेगळ्या सुरुवाती द्या आणि सगळ्यांतली मोठी लॉग-लाइकलीहुड घ्या. दुसरा धोका वायबुल मिश्रणाचा. एका घटकाचं आकार-प्राचल (ते वाढलं की बिघाड एकाच वेळेभोवती गोळा होतात) वाढवत नेलं आणि तो घटक नेमका एका नोंदीवर आणून बसवला, तर लाइकलीहुड अनंताकडे जाते. संगणक खुशीत "उत्तम" उत्तर देतो आणि प्रत्यक्षात एक जात म्हणजे एक नग निघतो. म्हणून आकार-प्राचलावर वरची मर्यादा घाला आणि एखाद्या घटकाच्या वाट्याला दोन-तीनपेक्षा कमी नग येत असतील तर ते उत्तर फेकून द्या. घातांकी मिश्रणात हा प्रकार होत नाही, नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं मी म्हणतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण प्राचलांची संख्या. दोन वायबुल म्हणजे पाच प्राचलं. वीस-पंचवीस बिघाडांच्या आत ती बसवू नयेत.

साधनांचं म्हणाल तर आर भाषेत मिक्सटूल्स नावाच्या पॅकेजमध्ये सेन्सर्ड नोंदींसाठीची मिश्र प्रतिमानं आहेत. पायथनमध्ये रिलायबिलिटी या पॅकेजमध्ये वायबुल मिश्रण आणि स्पर्धक बिघाड अशी दोन्ही प्रतिमानं तयार मिळतात. पण घातांकींची ईएम पंधरा-वीस ओळींत लिहून होते आणि ती एकदा स्वतः लिहिली की पुढची पॅकेजं आंधळेपणाने वापरली जात नाहीत.

पायरी ७: चाचणी, आणि तक्ता का चालत नाही

दोन लॉग-लाइकलीहुडमधल्या फरकाची दुप्पट काढा. ८४.८६ वजा ८०.६२, गुणिले दोन: सुमारे ८.५. एका प्रतिमानात एक प्राचल, दुसऱ्यात तीन. सवयीने हात दोन स्वातंत्र्य-मात्रांच्या (degrees of freedom, इथे वाढलेल्या प्राचलांची संख्या) काय-वर्ग तक्त्याकडे जातो आणि पी-मूल्य, म्हणजे जात एकच असूनही इतका किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता, ०.०१४ येतं. बहुतेक अहवालांत इथेच "मिश्रण सिद्ध" असं लिहून मोकळे होतात.

तो तक्ता ज्या प्रमेयावर उभा आहे ते विल्क्स यांचं १९३८ चं प्रमेय. त्याच्या अटी इथे मोडतात, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी. एक, शून्य गृहीतक खरं असेल तर कच्च्यांचा हिस्सा शून्य असतो, आणि शून्य ही हिस्स्याची सीमा आहे, त्याच्या पलीकडे जाताच येत नाही. प्रमेयाला खरी किंमत प्राचलांच्या क्षेत्राच्या आत हवी असते. सीमेवर काय होतं याचा विचार चेर्नॉफ यांनी १९५४ मध्ये केला होता. दोन, हिस्सा शून्य झाला की कच्च्यांचं सरासरी आयुर्मान हे प्राचलच निरर्थक होतं. नसलेल्या जातीचं आयुर्मान ३० काय आणि ३०० काय, लाइकलीहुडला फरक पडत नाही. उलट दोन्ही सरासऱ्या सारख्या असतील तर हिस्सा निरर्थक होतो. एकाच जातीचं प्रतिमान मिळवण्याचे असे अगणित मार्ग आहेत आणि त्या गोंधळात स्वातंत्र्य-मात्रा मोजायच्या तरी कशा? सामान्य (normal) वितरणांच्या मिश्रणासाठी हार्टिगन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की सरासरीवर बंधन नसेल तर नमुना वाढत जाईल तसं हे गुणोत्तर कुठल्याही ठरावीक वितरणावर स्थिरावत नाही, अगदी सावकाश पण अनंताकडे सरकत राहतं.

म्हणजे ८.५ हा आकडा मोठा की लहान, हे तक्ता सांगू शकत नाही. स्वतःच्या नोंदींपुरता तक्ता स्वतःच बनवायचा. त्याला प्राचलीय बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि मिश्रणाच्या चाचणीसाठी मॅकलॅकलन यांनी तो १९८७ मध्ये सुचवला. कृती अशी:

बसवलेल्या एका जातीच्या प्रतिमानातून, म्हणजे सरासरी ४३३.३ तासांच्या घातांकी वितरणातून, बारा नोंदींचा खोटा नमुना काढा. तुमच्या चाचणीत सेन्सरिंग असेल तर या नमुन्यालाही तेच लावा: ५०० तासांना चाचणी थांबवली होती तर इथेही ५०० ला कापा. मग त्या खोट्या नमुन्यावर एक जात आणि दोन जाती अशी दोन्ही प्रतिमानं बसवा, तितक्याच सुरुवाती देऊन, त्याच मर्यादा पाळून. फरकाची दुप्पट टिपून ठेवा. हे ९९९ वेळा करा. ८.५ किंवा त्याहून मोठे आकडे जितके आले त्यांत एक मिळवा आणि १००० ने भागा. हे तुमचं पी-मूल्य.

"तितक्याच सुरुवाती" हे शब्द घाईत सुटतात. खऱ्या नोंदींना पन्नास सुरुवाती आणि खोट्यांना वेळ वाचवायला दोन, असं केलं की खोट्यांची लाइकलीहुड मुद्दाम कमी राहते आणि पी-मूल्य खोटंच लहान निघतं. ९९ फेऱ्यांवर समाधान मानायचं असेल तर हेही लक्षात घ्या की खरं पी-मूल्य ०.०५ असेल तर ९९ फेऱ्यांत त्याची प्रमाण चूक ०.०२ च्या वर असते, ९९९ फेऱ्यांत ०.००७ च्या आसपास. सीमेवरच्या निकालासाठी ९९ पुरत नाहीत.

पायरी ८: कुठलं "एक" नाकारलंत?

समजा बूटस्ट्रॅपनेही शून्य गृहीतक नाकारलं. तरी तुम्ही फक्त एवढंच दाखवलंत की एकच *घातांकी* वितरण बसत नाही. एकच वायबुल बसत असेल तर? आकार-प्राचल १ पेक्षा कमी असलेल्या वायबुलमध्येही बिघाड दर घटतो, लवकर पुष्कळ नग जातात, आणि उरलेले खूप टिकतात. मिश्रणाची लक्षणं बरीचशी हीच आहेत.

आपल्या नोंदींवर एक वायबुल बसवलं तर आकार-प्राचल सुमारे ०.६७ आणि प्रमाण-प्राचल सुमारे ३३७ तास येतं. लॉग-लाइकलीहुड उणे ८३.१६. वायबुलमध्ये घातांकी वितरण आकार-प्राचल १ म्हणून सामावलेलं आहे आणि १ ही किंमत सीमेवर नाही, म्हणून या तुलनेत तक्ता चालतो. घातांकीपेक्षा वायबुलची सुधारणा ३.४, एका स्वातंत्र्य-मात्रेला पी-मूल्य ०.०६ च्या जरा वर. धड हो नाही, धड नाही नाही.

आता वायबुल विरुद्ध दोन घातांकी. यातलं एक दुसऱ्यात सामावलेलं नाही, त्यामुळे इथे तक्त्याचा प्रश्नच येत नाही. बूटस्ट्रॅप मात्र चालतो: खोटे नमुने या वेळी ०.६७ आणि ३३७ च्या वायबुलमधून काढा, त्यांवर वायबुल आणि मिश्रण दोन्ही बसवा, आणि फरकाची दुप्पट ५.१ च्या वर किती वेळा जाते ते मोजा. मग दिशा उलटी करून मिश्रणातून नमुने काढा आणि वायबुल किती वेळा हरतं तेही बघा. दोन्ही दिशांनी एकच उत्तर आलं तर बरं. दोन्ही प्रतिमानं टिकली तर नोंदी पुरेशा नाहीत, असं स्पष्ट लिहा.

अकाइकी निकष (जास्त प्राचलांचा दंड धरून प्रतिमानांची तुलना करणारा आकडा) हवा असेल तर घातांकीला १७१.७, वायबुलला १७०.३, मिश्रणाला १६७.२ येतो. लहान तो चांगला. श्वार्झच्या निकषातही क्रम हाच राहतो. हे निकष दिशा दाखवतात, पण त्यांची सैद्धांतिक मांडणीही नियमित प्रतिमानांसाठीच आहे. त्यांना चाचणीच्या जागी बसवू नका.

एक साधा ताळा मला या सगळ्यापेक्षा उपयोगी वाटतो. १०० तासांना किती नग चालू असावेत? वायबुल म्हणतं ६४ टक्के, मिश्रण म्हणतं ५१ टक्के, आणि प्रत्यक्षात बारापैकी सहा होते. ज्या वेळेवर निर्णय अवलंबून आहे नेमक्या त्याच वेळेला प्रतिमान किती चुकतं, हे अभियंत्याला पी-मूल्यापेक्षा लवकर कळतं.

पायरी ९: निकालाचं करायचं काय

वायबुल की मिश्रण हा वाद कागदी नाही. बर्न-इन म्हणजे माल देण्याआधी नग काही तास चालवून कच्चे गाळणं. मिश्रण खरं असेल तर १०० तासांच्या बर्न-इननंतर उरलेल्या मालात कच्च्यांचा हिस्सा ४३ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर येतो. १५० तासांनंतर एक टक्क्याच्याही खाली. त्यापुढे बर्न-इन वाढवून काही हाती लागत नाही, कारण पक्क्यांचा बिघाड दर स्थिर आहे. वायबुल खरं असेल तर बिघाड दर घटतच राहतो आणि बर्न-इन जितका लांबवाल तितका थोडाफार फायदा होतच राहतो. पण १०० तासांच्या बर्न-इनमध्ये मिश्रणातल्या पक्क्या नगांपैकीही सुमारे तेरा टक्के बळी जातात, हेही हिशोबात धरा. म्हणून मिश्रण ठरलं की बर्न-इनची वेळ ठरवत बसण्यापेक्षा कच्चे नग येतात कुठून हे शोधणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

चाचणीने शून्य गृहीतक नाकारलं नाही, तर "जात एकच आहे" असा निष्कर्ष काढू नका. आधी ताकद तपासा. बसवलेल्या मिश्रणातून बारा-बारा नोंदींचे शेकडो खोटे नमुने काढा, प्रत्येकावर पूर्ण चाचणी चालवा आणि किती वेळा ती मिश्रण पकडते ते बघा. निम्म्या वेळाही पकडत नसेल तर तुमच्या "नाही"ला फारसं वजन नाही. मग नगसंख्या २०, ३०, ५० अशी वाढवत तोच प्रयोग करा, म्हणजे पुढच्या चाचणीला किती नग मागायचे हेही ठरतं. यात संगणकाचा रात्रभराचा वेळ जातो, पण नगांचे शेकडो तास वाचतात. सरासऱ्यांमध्ये वीस पट फरक असला तर थोडक्यात भागतं. दुप्पट-तिप्पट फरक असला आणि हिस्सा दहा टक्क्यांचा असला, तर नगांची मागणी डोळे पांढरे करेल इतकी वाढते.

तीन जातींचा मोह झाला तर क्रमाने जा. आधी एक विरुद्ध दोन, ते नाकारलं गेलं तरच दोन विरुद्ध तीन, आणि त्या वेळी खोटे नमुने दोन जातींच्या प्रतिमानातून काढा. तिसऱ्या जातीला भौतिक नाव देता येत नसेल, म्हणजे अमुक भट्टी, अमुक सोल्डर, अमुक पाळी असं काही बोट ठेवून सांगता येत नसेल, तर मी ती अहवालात घेत नाही.

अहवालात शेवटी या गोष्टी असू द्या: शून्य गृहीतकात कुठलं वितरण होतं, सेन्सरिंग कसं होतं, किती सुरुवाती दिल्या, प्राचलांवर काय मर्यादा घातल्या, बूटस्ट्रॅपच्या किती फेऱ्या केल्या, गुणोत्तर आणि पी-मूल्य किती आलं, आणि खोललेल्या नगांत काय दिसलं. कच्चा असण्याची शक्यता प्रत्येक नगापुढे लिहा. ७१ टक्केवाला तो ६२ तासांचा नग खोलणाऱ्याच्या टेबलावर सगळ्यात आधी जायला हवा.